मुलुखमैदान, जाडी आणि तडा : नगरच्या तोफेपासून विमानाच्या पत्र्यापर्यंत

सभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला मराठीत ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात. आचार्य अत्र्यांना ही पदवी अशी काही चिकटली की मूळ तोफ कोणती, कोठे ओतली गेली आणि आज कोठे आहे, हे प्रश्न मागे पडले. ती तोफ ओतली गेली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. आज ती विजापूरच्या शेरझी बुरुजावर आहे. आजचा धागा मात्र तिच्या पराक्रमाविषयी नाही, तिच्या जाडीविषयी आहे. धातू जितका जाड तितका तो तडे जाण्यापासून सुरक्षित, असे माणसाला शतकानुशतके वाटत आले. ते का चुकीचे ठरले, याची कथा निजामशाहीच्या ओतशाळेत सुरू होते आणि विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यापाशी येऊन थांबते.

तोफेवरील लेखात हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९ हे साल आहे. अबुल गाझी निजामशहा हे नाव आहे आणि ओतणाऱ्याचेही नाव आहे : मुहम्मद बिन हुसेन रुमी. ‘रुमी’ म्हणजे रूम देशाचा, अर्थात उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. त्या काळी तोफा ओतण्याची विद्या अवगत असलेले तुर्क कारागीर आणि गोलंदाज दख्खनच्या दरबारांत मानाने राहत. पहिला बुऱ्हाण निजामशहा तेव्हा नगरच्या गादीवर होता. आपल्या तोफेवर कारागिराला स्वतःचे नाव घालू देणारा राजा त्या कारागिराची किंमत जाणत असला पाहिजे.

मापे पाहण्याजोगी आहेत. लांबी सुमारे १४ फूट, बाहेरचा व्यास पाच फुटांच्या आसपास, नळीचा व्यास सुमारे २८ इंच, वजन सुमारे ५५ टन. म्हणजे नळीभोवती धातूची भिंत सव्वा फूट जाडीची. तोंडाला जबडा वासलेल्या सिंहासारख्या श्वापदाचा आकार दिला असून त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे. पाहुणे तो जबडा पाहतात, छायाचित्रेही त्याचीच निघतात. खरा प्रश्न जबड्यामागच्या सव्वा फुटाच्या भिंतीचा आहे.

ही भिंत कशाची? लोक सरसकट ‘पंचधातू’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातील पृथक्करणात सुमारे ८० टक्के तांबे आणि जवळपास २० टक्के कथील आढळले. तोफांच्या कांशात सामान्यतः कथील दहा टक्क्यांच्या आसपास असते. वीस टक्के कथील हे प्रमाण घंटेचे. कथील वाढले की धातू कठीण होतो, नादमय होतो आणि ठिसूळही होतो. दहा टक्क्यांची तोफ फुटण्याआधी बहुधा फुगते, गोलंदाजाला इशारा देते. घंटेचा धातू असा इशारा देण्याची शक्यता फार कमी. तो सरळ तडकतो.

मग रुमीने एवढे कथील का घातले? अज्ञान म्हणून हा प्रश्न निकालात काढणे अन्यायाचे होईल. कथील वाढले की मिश्रण कमी उष्णतेवर वितळते आणि रस साच्यात अधिक सहज वाहतो. पन्नासहून अधिक टन रस एका भट्टीत मावणारा नव्हे. अनेक भट्ट्या एकाच सुमारास तयार ठेवून, रस वाटेत गोठू न देता साचा एका दमात भरणे हे खरे संकट. अशा वेळी पातळ वाहणारे मिश्रण निवडणे समंजसपणाचेच होते. ठिसूळपणाची भरपाई जाडीने होईल, असा त्यामागचा हिशेब असावा. सोळाव्या शतकात जगभरचे ओतारी असाच हिशेब करीत.

तोफेचा पुढचा प्रवास थोडक्यात. जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत हुसेन निजामशहाच्या तोफखान्याचा प्रमुख चलबी रुमीखान याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत ठासून विजयनगरच्या सैन्यावर सोडल्या, असे फिरिश्त्याचा वृत्तान्त सांगतो. त्यांत मुलुखमैदानही होती, ही परंपरा. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे तिला ओढीत होती, असे सांगतात. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ वाटेत भीमेत बुडाली, असेही सांगतात. (हत्तीची तुळा करायची होती, तेव्हा हत्ती नावेत उभा करून त्याचे वजन काढण्याची युक्ती शहाजीराजांनी ज्याला सुचवली, तो तुळापूरच्या कथेतला मुरार जगदेव हाच. अवजड वस्तूंशी त्याचा ऋणानुबंध दिसतो.) १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि तोफेवर आपलाही लेख कोरवला.

आता भिंतीकडे वळू. बार उडतो तेव्हा दारूचा वायू नळीला आतून सर्व दिशांनी फाकवू पाहतो. सव्वा फूट जाडीचा प्रत्येक इंच हा भार सारखा वाटून घेतो, असे सहज वाटते. तसे होत नाही. गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने आपला सहकारी क्लापेरॉन याच्यासह १८३० च्या आसपास जाड भिंतीच्या नळीतील ताणाचा हिशेब मांडला. मुलुखमैदानची वर दिलेली मापे त्यात घातली, तर आतल्या पृष्ठभागावरचा ताण वायूच्या दाबाच्या सुमारे १.६ पट येतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर केवळ ०.६ पट. आतला थर जिवाच्या आकांताने झुंजत असतो, तेव्हा बाहेरचा जवळजवळ प्रेक्षक असतो.

समजा, रुमीने भिंत दुप्पट जाड केली असती. धातू सुमारे पावणेतीन पट लागला असता आणि ५५ टनांची तोफ दीडशे टनांच्या घरात गेली असती. आतला ताण उतरला असता १.६ वरून १.२ वर, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. पुढे भिंत कितीही वाढवली, अगदी डोंगरात नळी कोरली, तरी तो ताण वायूच्या दाबाच्या खाली येऊ शकत नाही. दाब धातूच्या सहनशक्तीपलीकडे गेला, की आतून तडा जाणारच. जाडीच्या उपयोगाला गणिताने घातलेली ही मर्यादा आहे.

गणित कागदावर आले म्हणून ते लगेच ओतशाळेत पोहोचले नाही. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत अमेरिकेची ‘प्रिन्स्टन’ ही नवी युद्धनौका पाहुण्यांना घेऊन निघाली होती. खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर नौकेवर होते. डेकवर बारा इंची तोंडाच्या दोन प्रचंड घडीव लोखंडी तोफा होत्या. एकीचे नाव ‘ऑरेगन’, दुसरीचे ‘पीसमेकर’, म्हणजे शांतिदूत. त्या दिवशीच्या तिसऱ्या बाराला शांतिदूत बुंध्याशी फुटली. परराष्ट्रमंत्री एबल अपशर आणि नौदलमंत्री थॉमस गिल्मर यांच्यासह सहा जण ठार झाले. मृतांत टायलर यांचा गुलाम सेवक आर्मिस्टेड हाही होता. टायलर खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले.

या दोन तोफांतील फरक मुळातून समजून घ्यावा. ‘ऑरेगन’ला चाचणीतच तडा गेला होता. जॉन एरिक्सन या अभियंत्याने तिच्या बुंध्यावर लोखंडी कडी तापवून चढवली. ती निवताना आकसली आणि तिने तडा आवळून धरला. त्यानंतर त्या तोफेचे शंभराहून अधिक बार झाले, पण ती फुटली नाही. नौकेचा कप्तान रॉबर्ट स्टॉकटन याने आपली दुसरी तोफ करवून घेताना धातू वाढवला, बुंधा अधिक जाड केला आणि तेवढ्यावर भिस्त ठेवली. तडा गेलेली पण कड्यांनी बांधलेली तोफ टिकली. धडधाकट दिसणारी, अधिक जाड तोफ सहा जीव घेऊन गेली.

अपघातानंतर फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने चौकशी केली. लोखंडाचा एवढा मोठा गोळा घडवताना धातूची ताकद घटली होती, असे तिला आढळले. जाड वस्तूची ही दुसरी अडचण. तिचा गाभा डोळ्यांना दिसत नाही, हातोड्याला पोहोचत नाही आणि थंड होतो सर्वांत शेवटी. ओतीव तोफेतही तेच. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला रस मागाहून आकसतो आणि गाभ्यात पोकळ्या राहतात. पोकळी म्हणजे तड्याचे बीज. ‘प्रिन्स्टन’च्या दुर्घटनेने अस्वस्थ झालेल्या थॉमस रॉडमन या अमेरिकी अधिकाऱ्याने तोफ पोकळ ओतून आतून पाण्याने थंड करण्याची पद्धत काढली. त्यामुळे आतला थर आधी गोठे आणि बाहेरचे थर मागून आकसत त्याला आवळीत. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँगने नळीवर तापवलेली नळकांडी एकावर एक चढवून तोफा बांधल्या. तत्त्व तेच.

हे तत्त्व ज्याने गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले आहे, त्याला सांगावे लागणार नाही. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, तापवून फुगवतात, लाकडी चाकावर बसवून वर पाणी ओततात. वाफ उठते, लोखंड आकसते आणि आरे-पाट्या जन्मभरासाठी आवळल्या जातात.

विजापुरात मुलुखमैदानपासून जवळच उपली बुरुज आहे. हैदरखानाने १५८३ मध्ये बांधलेला. त्यावर तीस फुटांहून लांब अशी एक लोखंडी तोफ आहे. ती ओतलेली नाही. लांब लोखंडी पट्ट्या नळीसारख्या जुळवून त्यांवर कडी चढवून ती बांधली आहे. अशा तोफा युरोपातही होत्या आणि त्यांचे दोषही होते. सांधे सैल पडत, वायू गळे. एडिंबरोची ‘मॉन्स मेग’ अशाच घडणीची, ती १६८० च्या सुमारास सलामीच्या बाराला फुटली. तेव्हा दख्खनच्या लोहारांना आर्मस्ट्राँगच्या तीन शतके आधी सारे ठाऊक होते, असे मिरवण्याचे कारण नाही. पण एक अखंड जाड गोळा की अनेक थरांची बांधलेली नळी, हे दोन्ही पर्याय दख्खनमध्ये शेजारीशेजारी वापरात होते, एवढे मात्र नोंदवलेच पाहिजे.

येथवर बोलणे एकाच प्रचंड धक्क्याचे झाले. एकोणिसाव्या शतकाने धातूचा दुसरा शत्रू ओळखला. लहान लहान धक्के, पण लाखोंच्या संख्येने. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. रोजच्या चालीत ज्या भाराखाली आस सहज टिकत असे, त्याच भाराखाली तो एके दिवशी तुटला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर याने आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या करून दाखवले की वारंवार येणारा भार धातूला त्याच्या ताकदीच्या बराच आत असतानाही मोडू शकतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. सूक्ष्म चीर पडते आणि प्रत्येक आवर्तनागणिक केसभर पुढे सरकते.

थकव्याची सर्वांत महाग शिकवणी ॲल्युमिनियमने दिली. ब्रिटनचे ‘कॉमेट’ हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान १९५२ मध्ये सेवेत आले. लंडन-कोलंबो मार्गावर ते मुंबईलाही उतरत असे. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ, तर ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळ हवेतच फुटले. एकूण ५६ जण गेले. फार्नबरोच्या संशोधकांनी एक आख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवले आणि पाण्याच्या दाबाने त्याची केबिन पुन्हा पुन्हा फुगवली. प्रत्यक्ष उड्डाणे व चाचण्या मिळून ३,०५७ आवर्तनांनंतर ती फाटली. फाटण्याची सुरुवात खिडकीच्या कोपऱ्याशी झाली होती. केबिनचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ होता. पुढच्या कॉमेटमध्ये तो जाड केला गेला.

म्हणजे रुमीचेच खरे, जाडी वाढवा? अर्धे खरे. पत्रा जाड केला की त्याच भाराखाली ताण उतरतो आणि चीर मंदावते. यात वाद नाही. पण ताण सारखाच ठेवला तर? एकाच मिश्रधातूचा एक पातळ पत्रा आणि एक जाड पाट घेतला, दोहोंत सारखीच चीर पाडली आणि सारख्याच ताणाची आवर्तने दिली, तर चीर सामान्यतः जाड पाटात अधिक वेगाने धावते.

कारण चिरेच्या टोकाशी दडले आहे. तेथे ताण इतका एकवटतो की धातू कायमचा ताणला जातो, मऊ पडल्यासारखा वागतो. ताणली जाणारी वस्तू जाडीत आकसू पाहते. पातळ पत्र्यात दोन्ही पृष्ठभाग मोकळे असल्याने तिला आकसता येते. जाड पाटाच्या गाभ्यातील धातूला चहूबाजूंचा धातू हलू देत नाही. जत्रेच्या गर्दीत काठावरचा माणूस बाजूला सरकतो, मधल्याला जागाच नसते, तसे. त्यामुळे जाड पाटात चिरेपुढचा हा ‘मऊ’ पट्टा लहान राहतो. जॉर्ज अर्विन यांच्या मांडणीनुसार पातळ पत्र्याच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश. धक्का झेलणारी गादीच लहान होते.

दुसरा धागा १९७० च्या सुमारास वोल्फ एल्बर यांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर प्रयोग करताना सापडला. चीर पुढे सरकते, तेव्हा ताणला गेलेला धातू तिच्या दोन्ही काठांवर मागे राहतो. भार उतरला की हे फुगीर काठ एकमेकांवर दाबले जातात आणि चीर मिटते. पुढचा भार आला की त्याचा काही भाग चीर नुसती उघडण्यातच खर्च होतो. पातळ पत्र्यात ताणलेला धातू जास्त, म्हणून ही मिटण्याची क्रियाही प्रबळ. जाड पाटाच्या गाभ्यात ती दुबळी. हा फरक सर्वत्र सारखा दिसत नाही. मधूनच एखादा मोठा धक्का बसला, की मात्र स्पष्ट होतो. पातळ पत्र्यात अशा धक्क्यानंतर चीर बराच काळ रेंगाळते, जाड पाटात लवकर सावरून पुन्हा चालू लागते.

चिरेच्या वेगाचे हे गणित आधी पॉल पॅरिस या तरुण अमेरिकी अभियंत्याने मांडले. त्याचा निबंध तीन नामांकित नियतकालिकांनी नाकारला. शेवटी १९६१ मध्ये तो एका विद्यापीठाच्या छोट्या पत्रिकेत आला, आणि आज जगभरच्या विमानांच्या तपासण्यांचे वेळापत्रक त्याच सूत्राच्या आधारे ठरते. भारतात बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे संचालकपद १९६५ पासून एस. आर. वल्लुरी यांच्याकडे होते. त्यांनी स्वतः कॅलिफोर्नियात असताना थकव्याच्या चिरांवर संशोधन केले होते.

मग विमान बांधणाऱ्यांनी कोणता मार्ग धरला? आवश्यक तेथे जाडी दिलीच, पण तीवर विसंबून राहणे सोडले. पत्र्याच्या आतून आडव्या-उभ्या पट्ट्या जोडल्या, जेणेकरून धावती चीर पट्टीपाशी अडावी. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी तर एकाच जाड पत्र्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरच्या आतले पातळ पत्रे आणि त्यांमध्ये काचतंतूंचे थर चिकटवून नवे द्रव्य केले. एका थरात चीर पडली तरी तंतू तिला पूल बांधून धरतात. एअरबस ए-३८० या प्रचंड विमानाच्या धडाच्या वरच्या भागात ते वापरले आहे. उपली बुरुजावरच्या पट्ट्या जुळवणाऱ्या लोहाराला त्यातले रसायन कळले नसते, थर मात्र ओळखीचे वाटले असते.

राहिली मुलुखमैदान. ठिसूळ धातू, आतल्या थरावर एकवटलेला ताण, एकसंध जाड गोळा, एवढे सारे असूनही ती पावणेपाचशे वर्षांनंतर अखंड कशी? थकवा मोजला जातो आवर्तनांत, वर्षांत नव्हे. जी तोफ हलवायला शेकडो बैल लागतात, ती दररोज उडत नाही. तिचे बार मोजकेच झाले असणार. गोलंदाजही तिला बिचकून होते. बत्ती दिल्यावर कान वाचवण्यासाठी ते बुरुजावरच्या पाण्याच्या हौदात बुडी मारत, असे सांगतात.

१८५४ मध्ये इंग्रज सरकारने तिला मोडीत काढून लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. किंमत लाजिरवाणी, शिवाय तोफेवर लोकांची श्रद्धा, म्हणून विक्री रद्द झाली आणि ती बुरुजावरच राहिली.

कुंभाराकडून मडके घेताना बायका ते बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर धड, बद्द वाजले तर तडकलेले. आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारणारा रेल्वेचा कामगार हीच परीक्षा घेत असे. मुलुखमैदानवर हाताने थाप मारली तरी घंटेसारखा नाद उमटतो, असे जुन्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. त्या नादाचे कारण रुमीने घातलेले वीस टक्के कथील. आणि तो अजून बद्द झालेला नाही, याचा अर्थ सव्वा फुटाच्या त्या भिंतीत आरपार तडा अद्याप गेलेला नसावा.